सुनेच्या खिशातली चावी

सकाळी सुनेच्या कारखान्याचा सुपरवायझर घामाघूम होऊन दारात आला. माझी सून सरला बिस्किटाच्या कारखान्यात पीठ मळायचं मशीन साफ करते. आत उतरण्याआधी तिथे प्रत्येकजण मशीन चालू करायच्या बटणाला स्वतःचं कुलूप लावतो आणि चावी खिशात ठेवतो. काल ही कुलूप न काढताच चावीसकट घरी आली.

"आजी, तुमच्या सूनबाईनं आमचा कारखाना बंद पाडला!"

"मग तोडायचं कुलूप. हातोडा नाही का तुमच्याकडे?"

"ती मशीनच्या बाहेर आहे हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणी हात लावत नाही, आजी."

सरला जीभ चावत बाहेर आली. तिला पाहून त्यानं आधी फोन लावला. "आहे, घरीच आहे. धडधाकट आहे." मग तिला बोलायचं ते बोलला.

माझा नवरा जिनिंगमध्ये होता. अडकलेला कापूस काढायला त्यानं मशीनमध्ये हात घातला आणि पलीकडून कुणीतरी बटण दाबलं. दाबणारा वाईट नव्हता. आत कुणी आहे का, हे बघायची रीतच नव्हती. हात कोपरापासून गेला.

ही कुलपाची रीत ज्यानं काढली, त्याचं भलं होवो. एका बाईसाठी सगळा कारखाना खोळंबलेला मी या वयात पाहिला.

बाहेर सुपरवायझर गाडीचा हॉर्न वाजवत होता. सरला घाईघाईनं दोन्ही हातांनी वेणी घालत होती. मी म्हटलं, "वाजवू दे त्याला. तू नीट घाल."