कान बघणारे जमादार

लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, त्या दुष्काळापासून आमच्या स्टेशनावरचे रेल्वे पोलिसांतले एक जमादार मला माहीत आहेत. नांदेडला नोकरीला जाताना रोज गाठ पडते. बोलताना ते तोंडाकडे बघत नाहीत, कानाकडे बघतात. मला राग यायचा. एकदा विचारलंच, तर म्हणाले, "उन्हाचं समदे तोंडाला दस्ती बांधतेत. कान तेवढा उघडा ऱ्हातो."

पुढं गेटवर चेहरे ओळखणारा कॅमेरा बसला. परवा त्यानं मला खुनातला फरारी ठरवलं. दोन शिपायांनी दंड धरून चौकीत नेलं.

तेवढ्यात जमादार आले. स्क्रीनवरच्या फरारी माणसाचं तोंड त्यांनी तळहातानं झाकलं, कान तेवढा दिसू दिला. मग माझा कान चिमटीत धरला. "ह्यांच्या कानाची पाळी सुटी हाय. त्याची गालाला चिकटलेली हाय. सोडा ह्यान्ला."

त्यांनी तळहात काढला तेव्हा मी तो फोटो पहिल्यांदा पाहिला. नाक, भुवया, हनुवटीवरचा खड्डासुद्धा माझाच. खून मीच केला असेल का, असं क्षणभर वाटून गेलं.

दारापर्यंत सोडायला आलेले जमादार हळूच म्हणाले, "पुढल्या महिन्यात मी रिटायर व्हायलो. जपून येत जा."