खोकल्याखालचा शब्द

करुणाला अमेरिकेतलं भूत लागलंय, अशी न्हावऱ्यात कुजबुज सुरू झाली तेव्हा मी मनापासून हसलो होतो. सत्तावीस वर्षं दौंडच्या शाळेत इंग्रजी शिकवून गावी परतलेला माणूस मी. भुताखेतांवर विश्वास ठेवला असता, तर वर्गात ज्या व्याकरणाचा मी जीव घेतला त्यानेच मला आधी धरलं असतं. आता मात्र हसू येत नाही.

करुणा मूळची दौंडची, माझीच विद्यार्थिनी. वडील रेल्वेत गँगमन होते, खोकून खोकून गेले. शाळेत ती फार हुशार नव्हती, पण चिवट होती. स्पेलिंग चुकलं की तो शब्द पानभर लिहून काढायची, आणि तरी समाधान नाही झालं तर मागच्या पानावरही. पुढे ती आमच्याच गावची सून झाली. नवरा रोहिदास सणसवाडीच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला, घरी सासू सिंधूबाई, दोन गाई आणि विहिरीखालचा कांदा. करुणाने गोठ्याशेजारची खोली झाडून घेतली, टेबल टाकलं आणि पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरबसल्या सुरू केलं.

काम मोठं विचित्र. अमेरिकेतल्या एका राज्यातून आवाजाच्या फायली यायच्या. तिथं ज्याची नोकरी जाते त्याला सरकार काही महिने दर आठवड्याला पैसे देतं. अट अशी की मालकाने काढलेलं असलं पाहिजे. आपण होऊन सोडली तर काही नाही. मालक म्हणतो सोडली, कामगार म्हणतो काढलं. मग एक सरकारी बाई फोनवर दोघांचं ऐकून घेते. तिचा निकाल पटला नाही तर वरच्या मंडळाकडे जाता येतं. पण ते मंडळ ऐकत बसत नाही, नुसतं वाचतं. आणि वाचतं काय, तर आमच्या करुणाने गोठ्याशेजारी बसून तपासलेला कागद.

मी हे दूध डेअरीवर सांगितलं तेव्हा आमचा रखमाजी म्हणाला, "बिनकामाचं पैसं? मग तिकडं कामाला जातंय तरी कोन?"

"तू अजून तिकडं गेला नाहीस, म्हणून चाललंय त्यांचं," मी म्हटलं. पण खरं सांगू, मला त्या सरकारी बाईचा हेवा वाटायचा. एका माणसाची नोकरी गेली, तर ती त्याला तासभर विचारत बसते, कशी गेली, कोण काय म्हणालं. आपल्याकडे इतकं कोण कुणाला विचारतं?

पहिला मसुदा मशीनच लिहायचं. करुणाने ऐकायचं आणि मशीनच्या चुका काढायच्या. पायाशी एक पेडल होतं. ते दाबलं की आवाज चार सेकंद मागे जायचा. सून पाय हलवत बसते म्हणजे शिवणकामच, असं सिंधूबाईंनी गल्लीत सांगून ठेवलं होतं. एकदोघी तर ब्लाउजपीस घेऊन आल्या होत्या.

फेब्रुवारीच्या चार तारखेला करुणाने एक फाईल पुरी करून पाठवली. कंपनी नावं आधीच पुसून टाकते, नावाच्या जागी नुसतं टूंऽ वाजतं. म्हणून त्या माणसाला नाव नाही. म्हातारा होता. फ्रीजच्या दाराला रबर बसवायच्या कामावर त्याची एकतीस वर्षं गेली होती. मध्ये मध्ये खोकायचा, तो थेट करुणाच्या वडलांसारखा. ती मनातल्या मनात त्याला आप्पा म्हणायला लागली. सरकारी बाईने विचारलं, तुमचं काम कसं संपलं? आप्पा म्हणाले, "आय", मग खोकले, मग म्हणाले, "लेट गो." मशीनने लिहिलं, आय लेट गो. करुणाने एकदा ऐकलं, बरोबर वाटलं, आणि ती पुढे गेली. त्या दिवशी अजून तीन फायली बाकी होत्या.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, रोहिदासची मोटारसायकल दारात आली. एरवी तो दिवेलागणीला यायचा. सिंधूबाई ओसरीवर लसूण सोलत होत्या.

"आज लवकर कसा रं?"

"काम सुटलं," रोहिदास म्हणाला.

"सुटलं का सोडलंस?"

रोहिदास पायरीवर बसला. "आता काय सांगू आई. कागुद फुडं केला, म्हनले सही कर. केली."

करुणा दारात उभी होती, हेडफोन गळ्यात. लॅपटॉप बंद होता, हेडफोनची वायर मोकळी लोंबत होती. आणि तरी तिला आप्पा खोकलेले ऐकू आले, असं ती सांगते. नुसते खोकले नाहीत. खोकल्याच्या खाली दबलेला एक शब्द होता, तो तिला त्या क्षणी स्वच्छ ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी रोहिदास त्या कागदाचा मोबाईलवर काढलेला फोटो घेऊन माझ्याकडे आला. इंग्रजीत चार ओळी. मी वाचून दाखवलं, "मी माझ्या मर्जीने काम सोडत आहे. माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही."

"आसं लिवलंय व्हय?" तो म्हणाला, आणि हसला. ते हसू मला बघवेना. आपल्याकडेही काम गेलेल्याला कामगार विम्याच्या कार्डावर थोडे दिवस काहीतरी मिळतं म्हणे. पण मर्जीने सोडणाऱ्याला कोण देणार? माझा संताप झाला. पण माझ्या संतापाने आजवर कुणाचं काही झालेलं नाही.

मार्चच्या एक तारखेला करुणा आली. डोळे खोल गेलेले. चहा पुढे ठेवला तर तिने कपाला हात लावला नाही.

"सर, आय लेट गो म्हंजी काय?"

"मी सोडून दिलं."

"आन् आय वॉज लेट गो?"

"मला काढलं. कामावरून कमी केलं."

"एवढ्या एका वॉजनं?"

"एवढ्या एका वॉजनं."

मग तिने सगळं सांगितलं. ती फाईल आता तिच्याकडे नव्हती, पाठवली की आपोआप पुसली जाते. पण आवाज गेला नव्हता. कडबाकुट्टी सुरू केली की त्या घरघरीत आप्पा खोकायचे. दुसऱ्या कुणाची फाईल लावली, अगदी तरण्या बाईची, तरी मध्येच खोकायचे. भाकरी थापताना तिचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा, चार सेकंद मागे जायला. सासूने दोनदा दृष्ट काढली होती. "मला भूत न्हाई लागलं, सर," ती म्हणाली. "मी एका म्हाताऱ्याचं खोटं लिवून ठिवलंय."

ती विसरली असेल अशी एक गोष्ट मला आठवत होती. तिच्या दहावीच्या वर्षी, परीक्षेला पंधरा दिवस उरले असताना, मी स्वतः फळ्यावर पॅसिव्ह व्हॉइसवर, याच वॉजच्या धड्यावर, फुली मारली होती. चारच मार्कांचं आहे, ऑप्शनला टाका, पत्रलेखनावर जोर द्या. वर्ग टाळ्या वाजवायचाच बाकी होता. करुणा तेव्हा पहिल्या बाकावर बसायची. हे तिला सांगायची तीच वेळ होती. मी सांगितलं नाही.

"कंपनीला कळवलं तर काय होईल?" मी विचारलं.

"मुख्य उत्तरातला शब्द चुकला की कामाचं खातं बंद. आपनहून सांगितलं तरी बंद." घरात आता येणारा पगार तेवढाच होता, हे तिने बोलायची गरज नव्हती. "पन न्हाई कळवलं तर आप्पांचं पैसं जात्याल. मंडळ तेवढंच वाचनार."

मी तिला सांगितलं की गप्प राहा. त्याचा कुणी वकील असेल, तो बघून घेईल. तीन-साडेतीन आठवडे झाले, आता त्याचा निकालही लागला असेल. परक्या देशातल्या, नावही माहीत नसलेल्या माणसासाठी तू आपल्या घरातली चूल विझवू नकोस. असं बरंच बोललो. मी शिक्षक आहे, मला बोलायला येतं. ती ऐकत होती, आणि टेबलाखाली तिचा पाय दाबला जात होता.

ती गेली. गावात मात्र बोलणं वाढलं. विहिरीवर ती एकटीच इंग्रजीत बोलते, असं कुणी म्हणालं. खरं होतं ते. आय, असं म्हणायची, थांबायची, पुन्हा आय म्हणायची. रोहिदास तिला दौंडला माहेरी सोडून आला, तर तिसऱ्या दिवशी एसटीने परत आली. म्हणाली, तिथं जास्त ऐकू येतंय.

होळीच्या आदल्या दिवशी ती लॅपटॉप घेऊनच माझ्या घरी आली. कंपनीला लिहिलेलं पत्र तिने माझ्यापुढे सरकवलं. "नुसतं इंग्रजी तपासा, सर."

इंग्रजी चांगलं होतं. फाईलचा नंबर होता, उत्तर कितव्या मिनिटाला आहे ते होतं, खरा शब्द कोणता ते होतं. पहिलंच वाक्य होतं, आय मेड अ मिस्टेक.

"हे असं नको," मी म्हटलं. "अ मिस्टेक वॉज मेड, असं लिही. कुणी केली ते त्यात येत नाही. मोठमोठे साहेब असंच लिहितात. वाचणाऱ्याला वाटेल, मशीनने केली."

"ऐकत कोन व्हतं, सर?"

"तू."

"मग?"

मी लॅपटॉप तिच्याकडे परत सरकवला. तिने ते वाक्य तसंच ठेवलं आणि पत्र पाठवलं. मग बराच वेळ ती हात मांडीवर ठेवून बसली. लहान मुलाला ताप उतरल्यावर झोप लागते तशी तिची मान कलली, आणि ती बसल्या जागी झोपली. मी पंखा लावला. माझ्या बायकोने दार ओढून घेतलं.

पाच दिवसांनी उत्तर आलं. ऑफिसातलं इंग्रजी असतं तसं, सरळ गोष्ट वाकडी करून सांगणारं. करुणाने मोबाईल माझ्या हातात दिला. तिचं खातं बंद केल्याचं आधी होतं. त्याला ती तयार होती. दुसऱ्या परिच्छेदाशी मी थांबलो.

"काय म्हनत्यात?"

"म्हणतात, लेखी नोंदीत दुरुस्ती करायची असेल तर ती फाईल पाठवल्यापासून तीस दिवसांच्या आत कळवावी लागते. त्यानंतर कागद आहे तसाच कायम होतो."

"कागद आहे तसाच," ती म्हणाली. मग बोटांच्या पेरांवर मोजायला लागली. चार फेब्रुवारीपासून. फेब्रुवारी संपला, मार्चची पेरं सुरू झाली. सहा तारखेवर तिचा अंगठा थांबला.

मी तिच्या आधीच मोजलं होतं. एक तारखेला ती माझ्याकडे आली होती. पाच दिवस हातात होते. त्याच संध्याकाळी पत्र गेलं असतं, तर एका म्हाताऱ्याच्या कागदावर एक शब्द जागेवर आला असता. मी तिला चूल दाखवली. ती चूल तर आता विझलीच, आणि तो शब्दही गेला.

तिने माझ्याकडे बघितलं. आता ही बोलेल, असं मला वाटलं. कुणीतरी बोलायलाच हवं होतं. फळ्यावरची फुलीसुद्धा मी तेव्हा सांगून टाकणार होतो, ओठांवर आली होती.

"तुमाला तरी कुठं ठावं व्हतं, सर," ती म्हणाली, आणि गाईंच्या धारेची वेळ झाली म्हणून उठून गेली.

त्यानंतर तिला मी पुष्कळदा बघतो. ती कांद्याच्या वखारीत निवडायला जाते. रोहिदास दुसऱ्या ठेकेदाराकडे लागलाय, तिथे सही करण्याआधी कागद मला दाखवतो. करुणा अंगाने भरली आहे, हसते, बायकांत बसते. परवा रस्त्यात भेटली तेव्हा मी धीर करून विचारलं, अजून ऐकू येतं का?

"न्हाई, सर. पत्र धाडलं त्या दिसापासनं बंद झालं बघा."

तिच्यासाठी मला बरं वाटलं, हे खोटं नाही. पण त्या माणसाचा आवाज मी कधी ऐकलेला नाही. तो जाड आहे की बारीक, मला माहीत नाही. तरी दुपारी जेवून आडवा झालो की माझ्या शेजारच्या खोलीत कुणीतरी "आय" म्हणतं आणि खोकतं. बायकोला विचारलं, तिला काही ऐकू येत नाही. मी उठत नाही. पुढचा शब्द येईल म्हणून कान देऊन पडून राहतो, ऊन भिंतीवरून खाली उतरेपर्यंत. तो येत नाही.