घरचं वातावरण : साधारण

"आणणाऱ्यानं बोलायचं नसतं, ताई. निवडणाऱ्यानं बोलायचं असतं."

सर हे हसत म्हणाले. आवाज चढवला नाही. यवतमाळातल्या त्यांच्या घरी, हॉलमध्ये, आमच्या फुटबॉल क्लबच्या मीटिंगला. कमिटीचे चार जण सोफ्यावर होते. मी उभी होते. एक खुर्ची रिकामी होती, तिच्यावर सरांची बॅग होती. ती कुणी उचलली नाही. मीही उचलली नाही.

मी एवढंच म्हटलं होतं, "सर, रोशनीले खेळवत नाही, तं सोडा तरी."

रोशनी आमची स्टॉपर. बचावाच्या मधोमध उभी राहणारी पोरगी. महागाव तालुक्यातल्या तांड्यावरची. तिला नागपूरच्या एका क्लबानं मागितलं होतं. तिथं होस्टेल, कॉलेजात प्रवेश, आणि खेळायला मोठी स्पर्धा. पण एका क्लबातून दुसऱ्यात जायचं तर जुन्या क्लबचा ना-हरकत कागद लागतो. महिनाअखेर मुदत. त्या कागदावर आता एकट्या मॅनेजरची सही चालते. मॅनेजर म्हणजे सर.

सरांनी मी भरलेला रोशनीचा फॉर्म उचलला आणि सगळ्यांना वाचून दाखवला. "'पाय मजबूत हाय. डोकं थंड हाय. हेडिंगले समोर कोणी उभं राहत नाही.' हे कोणतं मराठी, ताई?"

तिघं हसले. चौथे आमचे जुने कोच, आम्ही त्यांना चाचा म्हणतो, त्यांनी हसणं टाळून चहाच्या कपात पाहिलं. मलाही कप मिळाला. सगळ्यांचे कप सारखे होते. वेगळ्या कपाचा काळ गेला असं म्हणतात. गेला असेल. मी उभ्यानं चहा प्यायले. राग यायला हवा होता. आला नाही. मला काहीच वाटलं नाही, आणि चहात साखर जास्त आहे एवढंच कळलं.

मी राजूरची. आम्ही बौद्ध. बाप रेल्वेच्या सायडिंगवर वॅगनीत कोळसा भरायचा. आमच्या मैदानावर पडलं की गुडघ्यात काळं शिरायचं आणि ते धुऊन निघायचं नाही. म्हणून गोलकीपर व्हायला कोणी पोट्टी तयार नसायची. मी झाले. चाचा तेव्हा यवतमाळात ऑटो चालवायचे आणि उरलेल्या वेळात क्लब. त्यांनी मला एका शाळेच्या सामन्यात पाहिलं आणि माझ्या आईला म्हणाले, "इसको मेरे को दे दो, भाभी. पडून राह्यली तं पडू द्या, उठते ना ती."

बारा वर्षं खेळले. गुडघे गेले. मग चाचांनीच काम दिलं, पोरी शोधायचं. शाळांचे क्रीडादिन, तांडे, कोळशाच्या वसाहती, कोलाम आदिवासींच्या वस्त्या, म्हणजे पोड. एसटीनं जायचं, पाहायचं, वहीत लिहायचं, आईबापाला समजवायचं, पोरीला घेऊन यायचं. हे मला जमलं. पोरी माझ्यावर भरवसा ठेवायच्या, कारण माझं बोलणं त्यांच्या घरातलंच होतं.

तेव्हा निवड मैदानावर व्हायची. कडेला एक जुना दगडी रोलर पडलेला, त्यावर आम्ही पाच जण बसायचो. चाचांचा नियम होता, ज्यानं पोरगी आणली तो आधी बोलणार. बाकीच्यांनी नंतर. कारण तिला तिच्या गावात, तिच्या मातीवर त्यानं एकट्यानं पाहिलेलं असायचं. भांडणं व्हायची. मी दोनदा चाचांचंही ऐकलं नव्हतं. रोशनी तशीच आली, रोलरवर तासभर भांडून.

मग तीन वर्षांपूर्वी सर आले. गावातलं जुनं, शिकलेलं घर. वडील वकील, काका कलेक्टर कचेरीतून निवृत्त. पुण्याहून कोचिंगचं लायसन्स घेऊन आलेले. आयत्या बिळावर नागोबा म्हणायची सोय नव्हती, कारण माणूस कामाचा होता. वेळापत्रक आलं. पोरींना सरावानंतर केळी, अंडी मिळायला लागली. बुटांचे नंबर नीट आले. पहिल्याच वर्षी आम्ही चषक आणला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे होते, हे लिहून ठेवते.

आधी माझी वही गेली. सर म्हणाले, "फॉर्म भरा, ताई. सगळं एका पद्धतीनं हवं." मग रोलर गेला. मीटिंग त्यांच्या घरी. मग मीटिंगही कमी झाल्या, फोनवर यादी यायची आणि खाली आम्ही अंगठा दाखवायचा. मग सगळ्या पोरींचे कागद त्यांच्या कपाटात गेले. शेवटी एक ठराव आला : खेळाडू घेणं, सोडणं, बदलणं, सगळा निर्णय मॅनेजरचा. "एकाच्या हातात असलं की काम होतं," एक जण म्हणाला. हात वर करा म्हटलं. पहिला हात माझा.

का केला? सर म्हणाले होते, "तुमचाच त्रास वाचेल, ताई." त्या घरातला माणूस मला ताई म्हणतो, याचं मला बरं वाटायचं. दुसरं काही कारण नाही.

फॉर्मवर एक रकाना होता. 'घरचं वातावरण.' सरांनी मला शिकवलं, "घरी जाऊन बघा. वडील काय करतात, पितात का, किती शिकलेत, बोलणं कसं आहे. खेळाडू घरातून घडतो." लिहायचे शब्द दोनच. चांगलं, नाहीतर साधारण. "वाईट असं लिहायचं नाही," सर म्हणाले. "आपण तसे लोक नाही."

मी भरले ते फॉर्म. गावातल्या कॉलनीत गेले, फरशी दिसली, पुस्तकांचं कपाट दिसलं, चांगलं. तांड्यावर गेले, साधारण. पोडावर, साधारण. राजूरला, माझ्या स्वतःच्या गल्लीच्या मागच्या गल्लीत, साधारण. त्या घरांतल्या बाया मला भाकर वाढायच्या, वर तेल टाकलेला ठेचा. मी पोटभर जेवायचे, पोरीच्या पाठीवर हात फिरवायचे, "सर पाह्यतील" म्हणायचे आणि स्टँडवर एसटीची वाट बघताना तो शब्द लिहायचे.

साधारणवाल्या पोरींना पुढे बोलावणं यायचं नाही. सर व्हिडिओ पाहून घरबसल्या निवडायचे, उंटावरून शेळ्या हाकाव्या तसं. एक हंगाम गेला, दुसरा गेला. संघात कोण येतंय हे मला दिसत होतं. हातच्या काकणाला आरसा कशाला? पण मी आरसाही पाहिला नाही आणि काकणही. मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

रोशनीची निवड फॉर्मच्या आधीची, तिचा फॉर्म नोंदीपुरता नंतर भरलेला, म्हणून ती संघात राहिली. पण दीड वर्ष बाकावर. तिच्या जागी सरांच्या मित्राची मुलगी. नागपूरवाल्यांनी रोशनीला मागितलं, तर सरांनी उलट कळवलं की ती नाही, ही दुसरी घ्या. नागपूरला मित्राची मुलगी नको होती. मग सरांनी ठरवलं, रोशनीही जाणार नाही.

"खेळवत नाही, तं सोडा तरी," मी त्या मीटिंगमध्ये म्हटलं होतं. त्यावर ते 'आणणाऱ्यानं बोलायचं नसतं'वालं उत्तर आलं. आणि पुढे, "एकीला मोकळं सोडलं की सगळ्यांना सवय लागते."

मीटिंग संपल्यावर त्यांनी मला एक टाइप केलेला कागद दिला. 'मी स्वखुशीने याच क्लबतर्फे खेळणार असून अन्य क्लबचा प्रस्ताव मला मान्य नाही.' खाली सहीची जागा.

"रोशनीची सही आणा. तुमचं ऐकते ती."

मी कागद घेतला. घडी न पडेल असा पिशवीत ठेवला.

रोशनी यवतमाळजवळ लोहाऱ्याला एमआयडीसीत पॅकिंगचं काम करते. जेवणाच्या सुटीत मी गेटवर गेले. ती डबा अर्धा टाकून धावत आली. हाताला पुठ्ठ्याची धूळ.

"ताई, नागपूरचं हाय ना हे?"

मी म्हणाले, "सही कर."

हो म्हणाले नाही. नाही म्हणाले नाही. तिनं वाचलं नाही. मी आणलेला कागद आजवर कोणत्याच पोरीनं वाचला नव्हता. गेटजवळ लावलेल्या कुणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर ठेवून तिनं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट, शाळेतल्यासारखं एकेक अक्षर जोडून.

"याडीले फोन लावू का आजच? लय खूश होईन ती."

याडी म्हणजे आई. मी म्हणाले, "थांब जराशी."

तिथून सरळ सरांकडे गेले. रस्ता कसा गेला आठवत नाही. सर खूश झाले. "बघा. हे तुम्हालाच जमतं." कपाट उघडलं, फाइल काढली, कागद तिच्यात ठेवला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते बोलत बोलत गॅलरीत गेले.

फाइल टेबलावर उघडी होती. रोशनीच्या कागदाच्या शेजारी स्टाफचे फॉर्म. सगळ्यात वर माझा. तो मी भरला नव्हता. अक्षर सरांचं.

घरचं वातावरण : साधारण. मुली आणण्यास उपयोगी.

सर एकदाच राजूरला आमच्या घरी आले होते. माझ्या आईनं शेजारून काचेच्या बशा मागून आणल्या होत्या. पोहे दिले, वर खोबरं. "फार छान घर आहे, आजी," असं ते म्हणाले होते, आणि आईनं ते वाक्य महिनाभर गल्लीत सांगितलं होतं.

ती फाइल पाहूनही राग आला नाही. मी तो शब्द पाहत राहिले. माझाच शब्द होता. मी जसा लिहिते तसाच, तेवढ्याच जागेत. स्टँडवर बसून मी जो हात चालवत होते, तो हात सरांचा होता. मग शरम आली. सरांची नाही, माझी. इतक्या दिवसांत मला काही वाटलं ती पहिली वेळ.

मी रोशनीचा कागद फाइलीतून काढून पिशवीत घातला.

सर परत आले. "तो कुठं नेताय?"

"जिचा हाय तिले द्यायले."

"ताई, नीट विचार करा. क्लबमध्ये तुमची जागा..."

"जागा मले तुमी नाही देल्ली, सर. चाचानं देल्ली."

"ना-हरकत मी देणार नाही. मग काय करणार?"

मी चपला घातल्या आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी परत लोहारा. तेच गेट, तीच सुटी. मी रोशनीला कागद वाचून दाखवला. मोठ्यानं, शेवटपर्यंत. ती ऐकत राहिली.

"तुमी वाचला व्हता हा? काल?"

"हौ."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

सांगण्यासारखं काही असतं तर कालच सांगितलं असतं. तिनं कागद माझ्या हातातून घेतला, फाडला नाही, घडी करून ड्रेसच्या खिशात ठेवला. आत गेली. मागं वळली नाही.

मी घरी येऊन अर्ज लिहिला. जिल्ह्याच्या फुटबॉल संघटनेला. टाइप करून घेतला नाही, माझ्याच अक्षरात, माझ्याच मराठीत. मॅनेजर ना-हरकत अडवून बसले आहेत हे लिहिलं. खेळवत नाहीत आणि सोडत नाहीत हे लिहिलं. आणि लिहिलं की तिची खोट्या मार्गानं सही घ्यायला मला पाठवलं, ती मी घेतली, तिला नागपूरचा कागद वाटला हे मला माहीत होतं.

संघटनेच्या कचेरीत नेऊन दिला. तिथल्या क्लार्कनं दोनदा वाचलं. भला माणूस. "बाई, हे शेवटचं काढून टाका ना. यानं तुमचंच नाव जाते. मैदानावर पाय ठेवू देणार नाही कोणी."

"तेच तं खरं हाय त्यातलं."

"पण कायले स्वतःवर घेता?"

"मी केलं म्हणून."

त्यानं शिक्का मारला. आज मुदतीला दोन दिवस उरलेत. निर्णय आलेला नाही. येईल का, माहीत नाही. क्लबच्या ग्रुपमधून मला काढलं आहे. चाचांचा फोन आला होता, "बेटा, जरा सबर ठेवायला पायजे व्हतं." मी म्हटलं, "चाचा, सबर लय झाला. तुमचाबी आन् माह्याबी." त्यांनी फोन ठेवला. रोशनी माझ्याशी बोलत नाही. बोलू नये. मी माफी मागायला जाणार नाही, कारण माफी मागितली की तिला काहीतरी द्यावं लागेल, आणि तिच्याकडून मी पुष्कळ घेतलं आहे.

माझी जुनी वही मी शोधून काढली. फॉर्म कपाटात असले तरी कोणत्या घरी गेले ते मला तोंडपाठ आहे. तेवीस घरं. तेवीस वेळा साधारण. नावं एकाखाली एक लिहिली, गावासकट.

प्रत्येक दारात जाणार. आत ये म्हटलं तरी जाणार नाही. उभ्यानं सांगणार, की तुमच्या पोरीचा खेळ कमी नव्हता, सरांनी तिला पाहिलंही नाही, तुमचं घर पाहून मी एक शब्द लिहिला आणि तिथंच तिचं थांबलं. तो शब्दही सांगणार. पोरीसमोर सांगणार. शिव्या दिल्या तर ऐकणार. हात उचलला तर मार खाणार. आणि त्यांना अर्ज करायचा असेल तर त्यावर साक्षीदार म्हणून माझं नाव, माझी सही, खरी.

उद्या सकाळची महागावची एसटी. पहिलं घर तिथल्या एका तांड्याच्या टोकाला आहे. तिथं मी दोनदा जेवले आहे.