रबरी मासोळ्यांचे रंग

आमच्या घरात मासा कधी शिजला नाही, पण पडेगावच्या नव्या फ्लॅटच्या गॅलरीत मासोळ्या मात्र ढिगानं जन्मल्या. मऊ, रबरी, खोट्या, गळाला आमिष म्हणून लावायच्या. आमच्या यांना गळ टाकायचा भारी नाद. मासा धरायचा, तोंडातला आकडा काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. एवढा उपद्व्याप करून हाती काय लागतं, असं मी विचारलं की नुसते हसायचे. मला तो आकडा बघवत नसे, म्हणून मी तलावावर कधी गेलेच नाही.

आजूबाजूला इमारती उठत होत्या. तिथल्या पीओपीवाल्यांकडून उरलेली पावडर मागून आणून हे साचे करत. जुन्या पातेल्यात दुधासारखं पांढरं, पातळ प्लास्टिक तापवायचं. ते आधी घट्ट होतं, मग काचेसारखं निवळतं. तेवढ्यात रंग घालायचा. गडद पाठ ओतली की ती निवायच्या आत पोटाचा फिका रंग ओतायचा. छावणीच्या बाजारातून आणलेली माझी रांगोळीची चमकी कुठं जाते, ते मला ऐन दिवाळीत कळलं. मी यांची चांगलीच हजेरी घेतली.

पुढं लागोपाठ दुष्काळ पडले. तलाव उतरला की पाण्याचा रंग बदलतो, आणि मासोळीचा रंग त्यावरून ठरतो. हे दर रविवारी पाणी बघून येत आणि नव्या रंगाच्या मासोळ्या ओतत.

एकदा टँकरचं पाणी भरून मी वर आले, तर हे साच्यातल्या मासोळ्या मांडून बसलेले. जांभळा काय झकास उतरलाय, म्हणाले. मासोळ्या लालभडक होत्या. मला वाटलं, चेष्टा करतायत. पण शुगरनं डोळ्यांचे पडदे खराब केले होते आणि हे कधीपासून लपवत होते, देव जाणे. गेलं ते परत येणार नाही, आहे ते जपा, असं डॉक्टरांनी सांगितलं.

यांनी पातेलं, साचे, सगळं खोक्यात भरून माळ्यावर टाकलं. "लई झालं आता," एवढंच बोलले. मग दिवसभर गॅलरीत समोरच्या अर्धवट इमारतीकडे तोंड करून बसायला लागले. भांडत होते तेव्हा बरे होते. माझा जीव तुटायचा.

शेवटी मीच खोकं खाली काढलं. रंग मी घालते, ओतायचं तुम्ही, असं बजावलं.

"आन् पाण्याचा रंग कोण सांगणार?"

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून आम्ही दोघं तलावावर गेलो. पाणी पार तळाला गेलेलं. कसंय, त्यांनी विचारलं. दूध जास्त झालेल्या चहासारखं, मी म्हटलं. त्यांनी काळी, चमकीची मासोळी मागितली. ती मी शोधून हातात दिली.

बऱ्याच वेळानं गळाची काठी वाकली. मरळ होती. हे गुडघाभर पाण्यात उतरले, चाचपून आकडा काढला. मी तोंड फिरवून उभी होते. मासा पाण्यातच अलगद धरून हे म्हणाले, "सांग ना, कशी दिसती?"

मी वळले. पाठ शेवाळी, पोट पांढरट, अंगावर काळपट पट्टे, असं जमेल तसं सांगितलं.

"आन् डोळा?"

काठावरून तो दिसत नव्हता. मी साडी वर खोचली आणि पाण्यात उतरले. जवळ जाऊन, वाकून, नीट बघून सांगितलं. मग त्यांनी हात सैल केले.