प्लेट आहे, मग विमा नाही कसा?

समजा, तुम्हाला परदेशात गाडी भाड्याने घ्यायची आहे. घरी बसून तुम्ही संगणकावर गाडी निवडलीत. भाडं इतकं कमी, की आकडा दोनदा वाचलात. आगाऊ पैसे भरलेत, पावती पर्समध्ये नीट घडी करून ठेवलीत. मग विमानातून उतरलात, काउंटरपाशी गेलात आणि पलीकडचा हसरा मुलगा म्हणाला, "आता विम्याचं बघू या." तुमच्या हातात एक खोका आहे आणि तो जमिनीवर ठेवायचा नाही. समोरच्या रस्त्याने काही तास गेल्यावर जे गाव लागतं, तिथे आज संध्याकाळी तुमच्या मुलीचं लग्न आहे. तुम्ही काय कराल?

नेटी हावरिलुक आधी हसली. तिला वाटलं, मुलगा नवखा आहे.

कॅनडातल्या कनोरा गावाच्या आसपासच्या शेतांवर वाढलेल्या आणि आज चाळिशीच्या आत असलेल्या बहुतेकांना नेटीने शाळेत पोचवलंय. पिवळी बस, खडीचा रस्ता, दोन्ही बाजूंना बर्फाचे ढिगारे. डिझेल गोठेल अशा थंडीतही तिची बस फाट्यावर यायची. मागच्या सीटवर कुणी मारामारी केली की ती बस थांबवायची, आरशात नुसती बघत बसायची आणि भांडण मिटल्याशिवाय गिअर टाकायची नाही. नवरा पीटर गेला त्या हिवाळ्यातही तिने आठवड्याभरात पुन्हा स्टिअरिंग धरलं. "पोरं थंडीत उभी राहतील, त्यांना काय सांगू?" एवढंच म्हणाली. तिच्या हातून कधी कुणाच्या कुंपणालासुद्धा धक्का लागला नाही.

खोक्यात लग्नाचा युक्रेनी पाव होता, कोरोवाय. वर पिठाची कबुतरं आणि वेणी घातलेली कड. विधवेने या पिठाला हात लावायचा नाही, असं गावात अजून मानतात. म्हणून शेजारच्या तीन बायकांनी चर्चच्या तळघरात तो भाजला आणि नेटी दारात उभी राहून सूचना देत राहिली. ते तिला झोंबलं होतं. पण लग्न लागून जोडपं हॉलच्या दाराशी आलं की पाव आणि मीठ घेऊन उभं राहायचं, ते आईनेच. तो मान तिच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नव्हतं. म्हणून तो खोका तिने तिन्ही विमानांत मांडीवर घेतला. बरोबर धाकटा दीर ओरेस्ट होता. त्याच्याकडे बॅगा आणि दोघांचे जाड कोट.

"विमा आहे माझ्याकडे," नेटी म्हणाली आणि बँकेचं पत्र पुढे सरकवलं. निघायच्या आधी बँकेत फोन करून तिने खास विचारून घेतलं होतं. क्रेडिट कार्डावर भाड्याच्या गाडीचा विमा आहे. फक्त काउंटरवरचा नको म्हणायचा.

मेक्सिकोतल्या त्या काउंटरवरच्या मुलाच्या छातीवर उलिसेस असं नाव होतं. त्याने पत्र मन लावून वाचलं. "सीन्योरा, हा आमच्या गाडीचं नुकसान झालं तर. चोरी झाली तर. यात समोरच्याचं काही नाही."

"समोरचा कोण?"

"ज्याला तुम्ही धडकाल तो."

"मी कुणाला धडकत नाही, बाळा."

"हो सीन्योरा, पण समजा..."

"तिने तीस पोरं भरून बर्फावर बस चालवलीय," ओरेस्ट कोटांच्या आडून म्हणाला. "तुमच्याकडे बर्फ तरी आहे का?"

"पेल्यात असतो, सीन्योर." उलिसेस हसला. "पण थर्ड पार्टी आमच्याकडे सक्तीची आहे. कायदाच आहे. त्याशिवाय मी किल्ली देऊ शकत नाही."

नेटीने समजावणीचा सूर लावला. बसमध्ये पहिलीच्या मुलांशी बोलायची तसा. "हे बघ. गाडीला नंबर प्लेट आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर! प्लेट आहे म्हणजे थर्ड पार्टी आहे."

उलिसेसने शेजारच्या मुलीकडे पाहिलं. त्या मुलीने खांदे उडवले. "सीन्योरा, प्लेटचा आणि विम्याचा काय संबंध?"

आता हसायची पाळी नेटीची नव्हती. आमच्या सस्कॅचवान प्रांतात प्लेट घेतली की तिच्याबरोबर विमा येतोच. दोन्हीचे पैसे एकाच खिडकीवर. विमा नाही पण प्लेट आहे, अशी गाडी तिने जन्मात पाहिली नव्हती. त्यामुळे बँकेला तिने भाड्याच्या गाडीचं विचारलं, पण समोरच्याचं विचारलंच नाही. कशाला विचारेल? बस चालवताना टायरखाली रस्ता आहे का, असं कुणी विचारतं का?

"ठीक आहे," ती म्हणाली. चूक कळली की ती वाद घालत नाही. "सक्तीचं आहे तेवढंच दे. बाकी काही नको."

"तेवढंच घेता येईल. पण मग आमच्या गाडीच्या नुकसानीसाठी तुमच्या कार्डावर अनामत अडकवून ठेवावी लागेल. गाडी परत आली की सुटेल." त्याने आकडा स्क्रीनवर दाखवला. तेवढ्या पैशांत कनोरात जुनी पिकअप आली असती.

कार्डाचा बराचसा भाग आधीच विमानाच्या तिकिटांनी खाल्ला होता. मशीनने कार्ड नाकारलं. पुन्हा घातलं, पुन्हा नाकारलं. मागे रांगेत कुणीतरी सुस्कारा टाकला. आयुष्यभर सगळी बिलं वेळेवर भरलेल्या बाईचे कान लाल झाले.

"माझं कार्ड घे," ओरेस्ट म्हणाला.

"कार्ड चालकाच्याच नावाचं लागतं, सीन्योर. तुम्ही चालवणार?"

"मोतीबिंदू आहे त्याला," नेटी म्हणाली. "तो चालवणार असेल तर तुझ्या त्या समोरच्याला खरंच धडकेल."

उलिसेसने आवाज खाली आणला. "आमचं पूर्ण पॅकेज घेतलं तर अनामत अगदी थोडी लागते. मग तुमच्या कार्डावर बसेल."

"आणि माझ्या बँकेचा विमा?"

"आमचा घेतलात की तो लागू होत नाही. तुमच्याच पत्रात लिहिलंय."

नेटीने पत्राची घडी घातली. ज्या विम्यासाठी ती दरवर्षी कार्डाची फी भरते तो फेकून द्यायचा आणि तोच पुन्हा इथे, भाड्याच्या दुप्पट पैशांत, विकत घ्यायचा. का? तर अनामत मावत नाही म्हणून. आणि ही अनामत, हा कायदा, हे पॅकेज, यातलं एक अक्षर त्या स्वस्त भाड्याशेजारी मोठ्या टाइपात नव्हतं.

"तुला हे रोज सांगावं लागतं?" तिने विचारलं.

"रोज, सीन्योरा. रोज सगळे माझ्यावरच ओरडतात."

"मग वर कुणाला सांगत का नाहीस?"

"वर कोण आहे ते मलाही माहीत नाही."

तिने घड्याळाकडे पाहिलं, मग खोक्याकडे. सही केली. पेन असं दाबलं की कागद फाटला आणि उलिसेसला नवा छापावा लागला. गाडी मिळाल्यावर मात्र तिने घाई केली नाही. बस सुटण्याआधी करायची तशी फेरी मारली, एकेक ओरखडा बोटाने दाखवत. ओरेस्ट फोटो काढत होता.

"नेटी, उशीर होतोय."

"होऊ दे. हे ओरखडे माझ्या नावावर नको. आणि तुझा अंगठा काढ त्या फोटोतून."

लग्नाच्या गावी, एस्पिताला, ती दोघं पोचली तेव्हा जोडपं हॉलमध्ये शिरलं होतं. वाजंत्री सुरू झाली होती, पाहुण्यांच्या पानात कोचिनिता, मुरवून भाजलेलं डुकराचं मांस, पडत होतं. नेटी दाराबाहेर खोका धरून उभी राहिली. चेहरा उन्हाने लाल की रागाने, ते सांगता आलं नसतं. नवरीने, तिच्या लारिसाने, तिला पाहिलं. मग तिने पांढरा झगा एका हातात गोळा केला, दुसऱ्या हाताने नवऱ्याला, एफ्राइनला, खुर्चीतून उठवलं आणि बाजूच्या दाराने ती दोघं बाहेर निघून गेली. वाजंत्री थांबली. "आत्ताच आले आणि चालले?" एफ्राइनची आत्या ओरडली.

ती दोघं अंगणाला वळसा घालून पुढच्या दाराशी आली, जणू पहिल्यांदाच. तोवर नेटी उंबऱ्याच्या आत उभी होती. पाव हातात, मध्ये मिठाची वाटी. थोडं मीठ सांडलं.

"आई, काय झालं गं?"

"काही नाही. खा आधी."

एफ्राइनने तुकडा मोडून मिठात बुडवला आणि तोंड वाकडं केलं. सगळे हसले. नेटीही हसली, पण राग गेला नव्हता.

तो अजूनही गेलेला नाही. गुरुवारी चर्चच्या तळघरात पिरोही, म्हणजे सारणाच्या उकडलेल्या करंज्या, वळायला बायका जमतात, तेव्हा हिवाळ्यात मेक्सिकोला निघालेलं कुणीतरी हमखास नेटीच्या शेजारी जागा पकडतं. "समोरच्याचा विमा भाड्यात धरलाय का, ते लेखी मागव," ती पिठाची कड दाबत सांगते. "अनामत किती अडकवणार ते निघायच्या आधी विचार आणि कार्ड तेवढं रिकामं ठेव. तुझ्याच नावाचं. आणि बँकेने 'सगळं आहे' म्हटलं, तर 'काय नाही' ते विचार. प्लेटवर विसंबू नकोस. आपली प्लेट आपल्या वेशीपर्यंतच शहाणी."

"एवढं झालं, तर भाडं स्वस्त कुठे राहिलं?" कुणीतरी विचारतं.

"तेच तर!" नेटी लाटणं आपटते.

ज्या साइटवर गाडी ठरवली होती, तिथे ती अधूनमधून अजूनही फोन करते. दरवेळी नवा आवाज असतो, दरवेळी तिला नम्रपणे सांगतात, की सगळं अटींमध्ये लिहिलं होतं. लिहिलं असेल, नेटी म्हणते, मी ते विचारत नाहीये. माझा प्रश्न साधा आहे: जो विमा घेतल्याशिवाय तुम्ही गाडी जागची हलू देत नाही, तो मला दाखवलेल्या भाड्यात का नव्हता?