देवकाबाईचं खळं

नार्नूरजवळच्या त्या गावात ज्वारीचं खळं करावं तर देवकाबाईनंच. तीस वर्षं तिनं चोपलेल्या, सारवलेल्या खळ्यावर कुणाचा दाणा भेगेत गेला नाही. म्हणून शाळेतले खेळाचे जयदीप सर नव्या खेळाची जागा करून घ्यायला तिच्याकडेच आले.

"हैदराबादेत मी बाटल्या पाडायचं बोलिंग खेळलोय," ते म्हणाले. "हे दुसरं. यात पाडायचं काही नाही. लांबच्या पांढऱ्या गोटीजवळ आपला चेंडू नेऊन थांबवायचा. खेळतात हिरवळीवर, पण आपल्याला सपाट जमीन चालेल."

खळं झालं. सरांनी काळा जड चेंडू सोडला. तो सरळ गेला आणि शेवटी डावीकडे वळला. दुसराही तसाच.

"जमिनीला उतार आहे," सर म्हणाले.

"अक्का, हात थकले तुमचे," धाकटी जाऊ चंदा हसली. "यंदा आपलं खळं मीच करतो."

देवकाबाईला ते चांगलंच झोंबलं. तिनं चेंडू हातात फिरवून पाह्यला. एका बाजूला लहान गोल कोरलेला, दुसऱ्या बाजूला मोठा. लहान गोल होता तिकडंच चेंडू वळत होता. तिनं तो उलटा धरला आणि त्याच जागेवरून सोडला. चेंडू उजवीकडे वळला.

"सर, उतार काय घडीघडी बाजू बदलते का? तुमचा चेंडूच एकांगी हाय."

सरांनी फोनवर नियम उघडून वाचले आणि खजील झाले. "हो, मुद्दामच तसा करतात म्हणे."

"मंग ते चंदाले मोठ्यानं वाचून दाखवा," देवकाबाई म्हणाली.