पाटी चौकात, फाईल कपाटात

जयपूरच्या सोडाला भागातल्या चौकात ती पाटी लागली तेव्हा पहिले दोन दिवस माझं तिच्याकडे लक्षही गेलं नव्हतं. त्या जागी आधी एका कोचिंग क्लासची जाहिरात होती, पोरांच्या फोटोंची आणि त्यांच्या नंबरांची. आता तिथे एक जवान उभा होता आणि त्याच्या पायाशी सैन्यभरतीचं नवं घोषवाक्य: 'घर से निकलो, देश के काम आओ.' मोजून सात शब्द. पण त्या सात शब्दांनी आमच्या सोसायटीत महिनाभर जो धुरळा उडवला, तो आठवला की अजूनही माझं डोकं फिरतं. सगळ्यांत जास्त फिरतं ते माझ्या स्वतःवर.

सकाळी बागेत फिरायला येणारे आम्ही पाचसहा जण, कोणी निवृत्त, कोणी निवृत्तीला टेकलेले. फेऱ्या दोन आणि गप्पा वीस फेऱ्यांच्या. त्यातल्या निवृत्त इंजिनिअरसाहेबांना ते वाक्य उद्धट वाटलं. "ये कोई तरीका है? हमारे यहाँ दुश्मन को भी 'पधारिए' कहते हैं, और ये बच्चों को घर से निकाल रहे हैं!" कापडाचे व्यापारी असलेल्या दुसऱ्या सद्गृहस्थांना ते फार आवडलं. आजकालच्या पोरांना अशीच भाषा कळते, म्हणाले. त्यांची स्वतःची दोन्ही पोरं कॅनडात आहेत, तीही घरातून निघालीच म्हणा. बागेच्या दारातला चहावाला जयपूरजवळच्या चाकसूकडचा. त्याच्या गावातली पोरं पहाटे सडकेवर धावून या चार वर्षांच्या नव्या भरतीची तयारी करतात. त्याने कप पुढे करता करता विचारलं, "निकल तो जाएँ साब, पर चार साल बाद लौटकर किसके काम आएँ?" सगळे हसले. मीही हसलो.

सोसायटीच्या ग्रुपवर तर ऊत आला होता. 'घर से निकलो, धनिया लेकर आओ' असं कोणीतरी टाकलं आणि त्याला इतके हसरे चेहरे आले, की गच्चीतल्या गळतीची माझी तक्रार त्यात वाहून गेली. मग देशभक्त विरुद्ध विनोदी असे दोन तट पडले. मी अर्थातच देशभक्तांच्या बाजूने. रोज जेवण झालं की अंगठ्याने लांबलचक परिच्छेद लिहायचो, आणि कोणी खाली हात जोडलेलं चित्र टाकलं की मला धन्य वाटायचं.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. विमा कंपनीच्या नोकरीत बदली होऊन जयपूरला आलो त्याला सोळा वर्षं झाली. पुढे माझ्या बदल्या कोटा, उदयपूर अशा होत राहिल्या, पण मुलीच्या शाळेसाठी बिऱ्हाड इथेच ठेवलं. इथे कोणी गाव विचारलं की मी छाती फुगवून सांगायचो, "हमारे यहाँ हर घर में एक फौजी होता है." आमच्या घरात मात्र आजोबा शिक्षक, वडील तलाठी आणि मी विम्यातला. पण ते कोणी विचारत नसे.

त्या महिन्यात आमच्या मराठी मंडळाच्या बैठकीत याच घोषवाक्यावर चर्चा ठेवली. कंपन्यांत नोकरी करणारी पुण्या-नागपूरची तरुण मंडळीही आली होती. मी उठलो आणि चांगला पंधरा मिनिटं बोललो. आमच्याकडे आई पोराला ओवाळून पाठवते, तिला पाटी वाचावी लागत नाही, मराठी माणसाला घरातून निघा म्हणून सांगावं लागत नाही, वगैरे. टाळ्या पडल्या. माझी मुलगी मागच्या रांगेत बसली होती. तीही टाळ्या वाजवत होती, आणि ते पाहून मला भारी वाटलं.

घरी आल्यावर तिने पाण्याचा ग्लास माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बाबा, मला ते फॉर्म भरायचं आहे. मतलब, सैन्याचं. माझं हे लास्ट इयर आहे, पुढच्या वर्षी एज निघून जाणार ना."

मी हसलो. ती हसली नाही. रोज पहाटे कॉलनीला फेऱ्या मारणारी माझी पोरगी तब्येतीसाठी धावते असा माझा दोन वर्षं समज होता.

"फक्त मूल निवासचं सर्टिफिकेट नाहीये," ती म्हणाली. "बाकी सगळं आहे."

आता ही गोष्ट आमच्यासारख्या बदलीच्या माणसांनाच कळेल. तुम्ही कुठले रहिवासी, याचा तहसीलचा दाखला लागतो. ती दहावीत असताना शाळेने सगळ्या मुलांचे दाखल्याचे अर्ज एकदम भरून घेतले होते. मी तिचा अर्ज कोरा परत पाठवला होता, वर चिठ्ठी जोडून: 'आम्ही महाराष्ट्राचे आहोत.' सोळा वर्षं इथलं पाणी प्यायलो, फ्लॅट घेतला, पण मतदान, आधार, सगळं गावच्या पत्त्यावर. आपण काय, आज ना उद्या परत जाणारच! गावी चुलतभावाला फोन केला तर तो म्हणाला, "दादा, पोरगी हितं चार दिवस तरी सलग राहिलीय का? दाखला कुणाच्या तोंडावर मागू?" बरोबरच होतं त्याचं.

म्हणजे दाखला जयपूरचाच काढायला हवा होता, आणि तो निघाला असता. पहिलीपासूनच्या गुणपत्रिका, फ्लॅटचे कागद, सगळं तिने एका निळ्या फाईलमध्ये लावून दिलं. वडिलांच्या प्रतिज्ञापत्रावर माझी सही हवी होती आणि ओळखीच्या दोन जबाबदार माणसांच्या सह्या. हातात दहा दिवस होते. ती म्हणाली, मीच जाऊन सह्या आणते. मी म्हटलं, "तू कशाला लोकांच्या दारात जातेस? मी रोज भेटतो की त्यांना."

आणि खरंच रोज भेटत होतो. इंजिनिअरसाहेब, कापडवाले, दोघंही पेन काढून उभ्या उभ्या सही देणारी माणसं. फाईल कपाटात, मी बागेत. तिथे मी 'काम आओ' या शब्दांतल्या त्यागावर बोलत होतो. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर जयपूरहून चांगली जागा नाही. संध्याकाळी ती विचारायची, "बाबा, झालं?" मी म्हणायचो, साहेब गावाला गेलेत, आज विषयच निघाला नाही, उद्या नक्की. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी तिच्यावरच खेकसलो. मला काय दुसरी कामं नाहीत का, म्हणालो.

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. ती एरवी माझ्या-मुलीच्या मध्ये पडत नाही. म्हणाली, "अहो, नको वाटत असेल तर तोंडावर नाही म्हणा. मलाही नकोच वाटतंय. पण मी तिला तसं सांगितलंय."

मला राग आला. खरं ऐकल्यावर येतो तसला. आपल्याकडे म्हणतातच, वीर जन्मावा तो शेजारच्या घरात. ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आलो. माझ्या एकुलत्या एका मुलीच्या खांद्यावर बंदूक येणार, चार वर्षांनी ती परत आली तर पुढे काय, आणि नाहीच आली तर? याची मला भीती वाटत होती, आणि तेवढं एक वाक्य तिला सांगायची माझ्यात हिंमत नव्हती. नाही म्हणालो असतो तर ती भांडली असती, रडली असती, कदाचित जिंकलीही असती. मी तिला तेवढीही संधी दिली नाही. दिवस जाऊ दिले.

शेवटची तारीख गेली. त्या दिवशी दुपारी तिने कपाट उघडलं, फाईल काढली, प्रतिज्ञापत्राचं पान पाहिलं. दोन साक्षीदारांच्या जागा कोऱ्या होत्या. माझ्या सहीची जागाही कोरी होती. त्या सहीसाठी तर कोणाच्या दारात जावं लागणार नव्हतं. तिने गुणपत्रिका एकेक करून परत प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या आणि विचारलं, "चहा ठेवू का, बाबा?" ती ओरडली असती तर फार बरं झालं असतं.

दोनतीन दिवसांनी आम्ही दोघं लिफ्टने खाली जात होतो. दुसऱ्या मजल्यावर इंजिनिअरसाहेब आत आले. तिला धावताना ते रोज पाहायचे, भरतीचं तिने त्यांना कधीतरी सांगितलं असावं. मला ते माहीतच नव्हतं.

"बेटा, फॉर्म भर दिया? मेरे लायक कोई काम हो तो बताना. साइन-वाइन, कुछ भी."

मी लिफ्टच्या आकड्यांकडे पाहत राहिलो. आता ती सांगणार, आणि सांगायलाच हवं, असं मला वाटलं.

"नहीं अंकल," ती सहज म्हणाली. "मेरी हाइट कम निकली."

साहेबांनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि "अच्छा, अच्छा" म्हणाले. दार उघडलं. ती पुढे चालायला लागली.

आमच्या घरात माळ्यावरचे डबे काढायला बायकोला स्टूल लागतं. मलाही लागतं. तिला लागत नाही.